फुकटचा पेला महाग पडतो

गोव्याच्या सहलीला जाणारी आपली तरुण मुलं हल्ली पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवरही जातात. तिथला चहा-कॉकटेलचा लाउंज आम्हीही पाहून आलो. "जुगार खेळायचा नाही, नुसतं बसायचं," असं म्हणत माणसं आत येतात. खाणं-पिणं बहुधा प्रवेशाच्या तिकिटातच धरलेलं असतं. आमच्या मते हा पाहुणचार नव्हे. प्यालेल्या माणसाचं पैशांचं भान सुटतं, आणि जुगाराचं टेबल चार पावलांवर असतं.

पेल्याचा हिशेब समजून घ्या. ३० मिली व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. कॉकटेलमध्ये ६० मिली ओतली तर तो २० ग्रॅम होतो, आणि फळांचा रस व साखर यांमुळे जिभेला कळतही नाही. १० ग्रॅम मद्यार्क निकाली काढायला यकृताला साधारण एक तास लागतो. वरून कडक चहा घेतला तर झोप उडते, नशा उतरत नाही. म्हणजे माणूस जागा राहतो आणि हरत राहतो. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी दारू घेतली, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

पाचवं शील आपलं शरीर आणि घरखर्च दोन्ही राखतं. मित्रांच्या आग्रहाने गेलातच, तर लिंबू सरबत मागा आणि एटीएम कार्ड सोबत नेऊ नका. जुगाराची ओढ सुटत नसेल तर लपवू नका. तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोला.