गच्चीतील झरोका

उरणच्या बाजारपेठेतील जुन्या धर्तीचे घर म्हणजे रुंदीला कमी आणि खोलीला पुष्कळ. पुढे दुकान, त्यामागे कोठार, मग माजघर आणि सर्वांत शेवटी स्वयंपाकघर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना टेकलेल्या. वर मंगलोरी कौले होती तोवर माजघराला उजेडाची ददात नव्हती, कारण कौलांत मधूनमधून काचेची कौले बसवलेली असत. पुढे कौले उतरली, स्लॅब पडला, वर मजला चढला. पाणी गळणे थांबले, माकडांचा उपद्रव थांबला. परंतु काचेच्या कौलाबरोबर उजेडही गेला. आता सकाळी अकरा वाजताही मधल्या खोलीत दिवा लावावा लागतो.

आपल्या कुटुंबांत ही अडचण केवळ वीजबिलाची नाही. ज्या घरी चोविहार पाळला जातो तेथे संध्याकाळचा स्वयंपाक आणि भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपायचे असते. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले की चार वाजताच काळोख दाटतो, दिवा लावला की किडे-पाखरे झेपावतात, आणि ताटावर बसलेल्या ज्येष्ठांची तगमग होते. म्हणून छतातून उजेड आणण्याची कल्पना अनेकांच्या मनात घोळते आहे. मी अभियंता नव्हे. परंतु गृहकर्जाच्या निमित्ताने नोकरीभर घरांचे नकाशे आणि मूल्यांकनाचे अहवाल वाचले आहेत, आणि या विषयात काच विकणाऱ्याचा सल्ला पुरेसा नसतो एवढे निश्चित सांगू शकतो.

अंधाऱ्या खोलीची चिंता जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा, की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, म्हणजे तळमजल्यालाही आकाश दिसेल. आजची राष्ट्रीय बांधकाम संहिता दमट उष्ण प्रदेशात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या एक षष्ठांश असावे असे सांगते. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या माजघराला यांतले काहीच लाभत नाही. त्याच्या वाट्याला वरची दिशा तेवढी उरते.

वरून उजेड घेण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही. सोलापूर, बार्शी, मराठवाडा या भागांत मूळ असलेल्या वाचकांना माळवदाचे घर आठवत असेल. लाकडी तुळया, वर मातीचे जाड सपाट छप्पर, आणि त्यात उजेडासाठी व धुरासाठी ठेवलेले साने. सान्याच्या कडेला मातीचा उंचवटा असे आणि पाऊस आला की कोणीतरी धावत जाऊन त्यावर झाकण ठेवी. रोममधील पँथिऑनच्या घुमटाला तर मधोमध मोठे उघडे भोक आहे. आत पडलेले पावसाचे पाणी फरशीतील छिद्रांतून निघून जाते. ज्या मुलखात पाऊस बेताचा, तेथे हे चालून जाते. सपाट छप्पर ही मुळात कोरड्या मुलखाची वस्तू आहे. कोकणाने शतकानुशतके उतरते छप्पर बांधले ते हौसेने नव्हे. सिमेंटच्या स्लॅबने माळवदाचा सपाटपणा समुद्रकाठी आणला; त्यात भोक पाडताना मात्र कोकणच्या पावसाशी हिशेब करावा लागतो.

तो हिशेब करून पाहू. एक हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. तीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९,३०० लिटर पाणी झाले, आणि उरणला एका दिवसात इतका पाऊस होणे ही काही अपूर्वाई नव्हे. पन्हाळीच्या तोंडाशी पाने किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली तर हे सारे पाणी चार इंच उंचीने गच्चीवर उभे राहील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. म्हणून झरोक्याच्या चारही बाजूंस काँक्रीटची उभी कड घ्यावी लागते. बाजारात सहा इंच पुरेसे म्हणून सांगतात. माझ्या मते उरणात एक फुटाहून कमी नको. गच्चीचे जलरोधक अस्तर या कडेवर शेवटपर्यंत चढवलेले असले पाहिजे. सांध्यात सिलिकॉन भरले म्हणजे झाले, हे समजणे चुकीचे. सिलिकॉन काही वर्षांत सुटते, कड सुटत नाही. काचेलाही थोडा उतार हवा, नाहीतर तीवर पाणी आणि धूळ साचून दोन वर्षांत ती मातकट होते.

आकाराचा मोह आवरावा. वास्तुविशारदांचा ढोबळ ठोकताळा खोलीच्या क्षेत्रफळाच्या तीन ते पाच टक्के असा आहे. बारा बाय पंधरा फुटांची खोली म्हणजे १८० चौरस फूट. तिला सात-साडेसात चौरस फूट, म्हणजे अडीच फूट बाय तीन फूट झरोका पुरतो. याहून मोठी काच उन्हाळ्यात त्रास देते. उरणच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, मे महिन्यात नसतात. आडवी काच ते सारे ऊन थेट माजघरात उतरवते. दुधी काचेने डोळ्यांवरची तिरीप कमी होते, उष्मा विशेष कमी होत नाही.

स्लॅब कापणे हे काम तर त्याहून गंभीर. पाच इंची स्लॅबच्या एका चौरस फुटाचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. अडीच बाय तीनचा तुकडा म्हणजे दोनशे किलोंहून अधिक काँक्रीट, तेही राहत्या खोलीच्या डोक्यावर. स्लॅबमधील मुख्य सळ्या बहुधा खोलीच्या अरुंद बाजूने टाकलेल्या असतात. त्या मधोमध तोडल्या की भार वाहण्याचा मार्गच तुटतो. कोठे कापावे, कडेला नव्या तुळया किंवा लोखंडी आधार कसे द्यावेत, हे रचना अभियंत्याने लेखी द्यावे. खाली टेकू लावल्याशिवाय काम सुरू करू नये. घणाने फोडल्यास हादऱ्याने आसपास तडे जातात, म्हणून हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने कापावे. कापलेल्या सळ्यांची टोके उरणच्या खाऱ्या हवेत उघडी राहिली तर गंज धरतात, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापत असल्याने आतून काँक्रीट फोडतो. मिठागरांच्या गावात हे वेगळे सांगायला नको.

यासाठीच माझा कल दुसऱ्या उपायाकडे आहे. गच्चीवर जिना जेथे बाहेर पडतो, त्या लहान खोलीखाली स्लॅबमध्ये भोक मुळातच ठेवलेले असते, आणि त्याच्या कडेच्या तुळयाही जागेवर असतात. त्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीत मोठी उभी काच बसवा, आतल्या भिंती पांढऱ्या रंगवा, जिन्याचा भरीव कठडा काढून जाळीचा करा. जिना माजघराला लागून असेल तर उजेड आपोआप खाली झिरपतो. गिरणगावातील कापडगिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे उत्तरेकडे काचा ठेवून बांधली होती, ती याच कारणाने: उत्तरेचा उजेड भरपूर असतो आणि ऊन जवळजवळ नसते. उरणात आणखी एक लाभ होतो. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपत येतो, त्याच्याकडे या काचेची पाठ असते. जून-जुलैत सूर्य किंचित उत्तरेला सरकतो. त्यासाठी लहानसा छज्जा पुरे.

जिना दूर असेल आणि स्लॅब कापणे भागच असेल, तर काचेच्या निवडीत काटकसर नको. टफन्ड काच फुटली तर बारीक तुकडे होऊन खाली सांडते. लॅमिनेटेड काच फुटली तरी मधल्या पडद्याला धरून राहते. डोक्यावर दुसरीच हवी. पॉलिकार्बोनेट स्वस्त पडते, पण काही वर्षांत पिवळे होते. चौकटीचे बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि थेट काँक्रीटमध्ये पक्के करावेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये पत्रे कसे उडाले, ते आपण पाहिले आहे.

आणि एक गोष्ट कोटेशनमध्ये कधीच नसते. मकरसंक्रांतीला मुले गच्चीवर पतंग उडवतात. नजर आभाळाकडे आणि पावले मागे मागे. पापड वाळत घालणाऱ्या बायकाही वाकलेल्या असतात. काच कितीही जाड असली तरी ती पाय ठेवण्यासाठी नाही. झरोक्यावर सळ्यांची जाळी किंवा भोवती कमरेइतका कठडा बसवल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानू नये, आणि कारागिराचा शेवटचा हप्ताही देऊ नये.

कागदपत्रांचे थोडक्यात. स्वतंत्र घर असले तरी रचनेतील असा बदल नगरपरिषदेच्या परवानगीने करावा. गृहनिर्माण संस्थेची गच्ची सर्वांची असते. वरच्या मजल्यावरील सभासदाला ती परस्पर कापता येत नाही. घर बँकेकडे तारण असेल तर बँकेची लेखी संमती घ्यावी, कारण तारणखतात तशी अट बहुधा असतेच. विमा कंपनीसही कळवावे. अभियंत्याचे पत्र आणि आराखडा घराच्या मूळ कागदांबरोबर ठेवावा. पुढे विक्रीच्या वेळी मूल्यांकन करणारा पहिला प्रश्न त्याच भोकाबद्दल विचारील.

काम दिवाळीनंतर काढावे म्हणजे होळीपर्यंत हाती निवांत वेळ मिळतो. कड बांधून अस्तर चढवले की काच बसवण्यापूर्वी पन्हाळीचे तोंड बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी उभे करावे आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहावे. मग दरवर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास पन्हाळी साफ करून सांधे एकदा तपासावेत. उन्हाळी सुटीत घरी आलेल्या नातवंडांनाही हे काम देता येते, जाळीच्या बाहेरून.