गॅदरिंग एका दिवसाचं, बालवाडी रोजची!

जानेवारी-फेब्रुवारी आला, की बालवाड्यांमध्ये एकच धांदल उडते. कुणाला ससा व्हायचंय, तर कुणाला फुलपाखरू. चर्चच्या आवारातल्या बालवाडीचा वाढदिवस असेल, तर आधी प्रार्थना, मग नाच-गाणी, शेवटी खाऊ. ऐन वेळी ससा स्टेजवरून आईला बघतो आणि भोकाड पसरतो. सगळे हसतात, फोटो निघतात, आणि बालवाडीचं आणखी एक वर्ष पार पडतं.

हे कौतुक हवंच. पण मैत्रिणींनो, बालवाडीचं खरं काम स्टेजवर नसतं. ते असतं एरवीच्या साध्या दिवशी. रडणाऱ्याला कडेवर घेणं, शेंबूड पुसणं, शू झाली तर न रागावता चड्डी बदलणं, डब्यातली पोळी दुसऱ्याला द्यायला शिकवणं. या कामाला टाळ्या नसतात.

आपल्याकडे हे काम नवं नाही. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथं त्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची बालशिक्षणाची पद्धत शिकल्या. मुलाच्या हातात पुस्तकाआधी खेळ द्यायचा, ही ती पद्धत. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केलं आणि पुढे केडगावला ‘मुक्ती’ उभं केलं. बाईला तिच्या पायावर उभं करायचं, तर तिच्या लेकराचाही विचार करावा लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हीच गोष्ट ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी वेगळ्या वाटेनं केली. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली, पण वस्तीतली गरीब मुलं काही येईनात. मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखं कापणं, मग गाणी-गोष्टी. ‘अंगणवाडी’ ती हीच! १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट कळली. थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण धाकटं तिच्या काखेत असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकट्याची सोय झाली, तशी थोरलीची शाळा सुरू झाली.

आता जरा आपल्या शिरोली एमआयडीसीत या. सकाळी पुलावरून वडापनं, एसटीनं, स्कूटीवरून किती बायका कामाला येतात! कुणी कारखान्यात, कुणी पॅकिंगला, कुणी कॅन्टीनमध्ये. डबा भरला, भाजी टाकली, पण मनात एकच घोर, पोराचं काय? सासूबाई असतील तर निभतं. नसतील तर शेजारणीच्या विनवण्या, नाहीतर थोरलीला म्हणायचं, “आज घरीच ऱ्हा गं बाई.” कोसबाडच्या टेकडीवरची गोष्ट आज हायवेच्या कडेलाही घडते!

कायद्यानं याचा विचार केलेला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानं तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील, तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितलं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर, शिवाय आईला दिवसातून चारदा बाळाला भेटायची मुभा मिळाली. पण जिथं पाच-सात बायकाच कामाला असतात, त्या छोट्या वर्कशॉपचं काय? तिथं आकडाच भरत नाही. म्हणजे सोय सगळ्यात जास्त ज्यांना हवी, त्याच बायका कायद्याबाहेर!

यावर एक साधी वाट आहे. दहा छोट्या कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवावं. चर्च, देऊळ, मंडळ, ग्रामपंचायत यांच्या रिकाम्या खोल्या दिवसभर कुलूपबंद असतात, त्यातली एखादी उघडावी. बालवाडी दुपारी बाराला सुटते आणि आईची सुट्टी होते संध्याकाळी. मधल्या चार-पाच तासांची सोय झाली, तरी अर्धा घोर मिटेल. लहान मुलांना दूर सारणाऱ्या शिष्यांना येशूनं अडवलं आणि मुलांना जवळ घेतलं, ही गोष्ट चर्चमध्ये लहानपणापासून ऐकवली जाते. तिचा अर्थ एमआयडीसीत लावायचा, तर तो बहुधा एवढाच.

आणि आपण आयांनीही थोडं बदलायला हवं. पोर घरी आलं, की आपला पहिला प्रश्न, “आज किती पानं लिहिलीस?” तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिलीची घाई कशाला? २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ हे वय खेळातून शिकायचं मानलंय. तेव्हा विचारा, “आज कुणाबरोबर खेळलास? कुठलं गाणं म्हटलंस?”

यंदा गॅदरिंगला जाल, तेव्हा सशाचा फोटो जरूर काढा. पण नंतर बालवाडीच्या बाईंना आणि मावशींना गाठा. त्यांना पगार किती मिळतो, तो वेळेवर होतो का, तेही विचारा. वर्षभर आपलं लेकरू ज्यांच्या कडेवर होतं, त्यांची चौकशी आपण नाही करायची, तर कुणी करायची?