स्मार्ट मीटर घरात आला, दहावीच्या वर्गात कधी येणार?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शाळांसाठी एक घसघशीत घोषणा होती: पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब. याआधी नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सुमारे १० हजार लॅब झाल्या आहेत. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आणि त्यात थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर वगैरे. त्याच वर्षी जुलैपासून महावितरणने टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली.

वरवर पाहता या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला मात्र त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. विजेचा हिशोब आपल्या घराच्या भिंतीवर बदलतोय, आणि तो शांतपणे समजावून सांगू शकेल असा बऱ्याच गावांत एकच माणूस असतो, तो म्हणजे हायस्कूलचे विज्ञानाचे सर किंवा मॅडम. त्यांच्या हातात आपण नक्की काय देतोय?

टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे. जुना मीटर महिन्याला एकच आकडा सांगायचा. नवा मीटर अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवू शकतो, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात १४४० आकडे. दिवसा वीज स्वस्त का? कारण राज्यात सौरऊर्जा वाढतेय आणि ती उन्हातच मिळते. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चं लक्ष्यच १६ हजार मेगावॅटचं आहे. दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी मागणी जास्त, या साध्या गोष्टीतून तुमच्या बिलावरची सवलत येते. पण स्मार्ट मीटरवरची आपली सार्वजनिक चर्चा ‘मीटर पळतो’ आणि ‘मीटर पळत नाही’ यापलीकडे फारशी गेली नाही. २०२४ मध्ये विरोध झाल्यावर सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारने जाहीर केलं. आता पोस्टपेड टीओडी मीटर बसवले जाताहेत. तो पळतो की नाही, हे आठवीतली मुलगीसुद्धा तपासू शकते. कसं, ते पुढे सांगतो.

पुस्तकात काय आहे

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा पाठ आहे. (एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून ऊर्जास्रोतांचा पाठ काढून टाकला. या बाबतीत आपलं मंडळ बरं म्हणायचं.) सिलिकॉनच्या १ चौरस सेंटिमीटर सौर घटातून सुमारे ३० मिलिअँपिअर विद्युतधारा आणि ०.५ व्होल्ट विभवांतर मिळतं, असं त्यात दिलंय. मुलं हे पाठ करतात आणि पेपरात लिहून येतात.

आता हाच आकडा घेऊन गच्चीवर जाऊ. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सिस्टिमला ७८ हजार रुपये अनुदान आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावांतही पॅनल दिसू लागलेत. आज सर्रास मिळणारं एक पॅनल ५४० वॅटचं असतं, क्षेत्रफळ साधारण २.६ चौरस मीटर. पुस्तकातल्या घटाची शक्ती निघते ०.०३ गुणिले ०.५, म्हणजे १५ मिलिवॅट. कडक उन्हात १ चौरस सेंटिमीटरवर साधारण १०० मिलिवॅट पडतात, म्हणजे पुस्तकातला घट १५ टक्के कार्यक्षम झाला. त्या हिशोबाने २.६ चौरस मीटरच्या पॅनलमधून ३९० वॅट मिळायला हवेत. पॅनलवर तर ५४० छापलंय. मग पुस्तक चूक की पॅनलवाला खोटारडा?

दोन्ही नाही. आजचे घट २१ टक्क्यांच्या आसपास गेलेत, एवढंच. या एका गणितात विद्युतधारा, विभवांतर, शक्ती, क्षेत्रफळ आणि टक्केवारी तर येतेच, शिवाय तंत्रज्ञान पुढे सरकतं म्हणजे काय हेही कळतं. खर्च शून्य, वेळ एक तास. फक्त पॅनलमागच्या लेबलचा एक फोटो हवा.

आता मीटरचा प्रयोग. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास’ अशा अर्थाचा मजकूर छापलेला असतो. आकडा मीटरप्रमाणे वेगळा असू शकतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा दिव्याची एक उघडझाप म्हणजे ११२५ ज्यूल. बाकी सगळं बंद करून १००० वॅटची इस्त्री लावली, तर मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. (इस्त्री तापली की आपोआप बंद होते, म्हणून सुरुवातीचं मिनिटच मोजायचं.) खूपच जास्त लुकलुकला तर तक्रार करायला तुमच्याकडे आकडा आहे. नाही लुकलुकला तर अफवेला उत्तर आहे. मीटरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. ज्यूल पुस्तकात आणि युनिट बिलात, ही दोन जगं मुलांच्या डोक्यात इथे जोडली जातात.

मग सर हे का करत नाहीत?

आळस हे उत्तर मला मान्य नाही. माझ्या ओळखीतले विज्ञान शिक्षक नवीन काही सांगितलं की आधी वही काढतात. अडचण वेगळी आहे. अनेक जण रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले असतात. टीओडी, नेट मीटरिंग, इन्व्हर्टर हे शब्द त्यांच्या बी.एड.मध्ये नव्हते. वर्गात एखादा पोरगा विचारतो, ‘सर, आमच्याकडे सोलार आहे तरी लाइट गेली की घरात अंधार का होतो?’ उत्तर साधं आहे: ग्रिड बंद पडला की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. पण हे कोणी सांगितलेलं नसेल तर चाळीस मुलांसमोर त्या विषयात शिरायची हिंमत कोण करेल?

दुसरी अडचण वेळेची. निवडणूक आणि जनगणनेची कामं शिक्षकांना देण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यातच आहे. जे तास उरतात ते पोर्शन संपवण्यात जातात. आणि बोर्डाच्या पेपरात लाइट बिल येत नसेल, तर पालकच विचारणार की सर हे काय शिकवताय.

म्हणून लॅबच्या घोषणेबद्दल मी थोडा साशंक आहे. लॅब वाईट नाहीत. पण आमच्या क्षेत्रात एक गोष्ट लवकर कळते: सर्व्हर विकत घेणं सोपं, तो चालवणाऱ्या माणसाला वेळ देणं महाग. खरेदीची निविदा निघते, शिक्षकाच्या मोकळ्या तासाची निघत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत. त्यातले सहा तास ऊर्जेला द्या. व्हिडिओ बघून प्रमाणपत्र घेण्याचे नकोत, तर सबस्टेशनवर जाऊन, पॅनल उलटं करून, मीटरसमोर उभं राहून घालवलेले. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि पुण्याची आयसर शिक्षकांसोबत काम करतातच, तेव्हा शिकवणारी माणसं शोधत फिरायला नको. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने तर घरांतल्या वीजवापराच्या बारीक नोंदी घेऊन अभ्यास प्रसिद्ध केलेत. अशा आकड्यांचा मराठी शीर्षकं असलेला तक्ता शिक्षकाला मिळाला, तर गणिताच्या मॅडमसुद्धा त्यावर आलेख काढायला लावतील.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलांना घरची बिलं आणायला सांगू नका. त्यावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक असतो आणि कोणाची किती थकबाकी आहे तेही दिसतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराकडे बिलच नसतं. शाळेचं स्वतःचं बिल वापरा, ते सगळ्यांचं आहे.

महावितरणकडे माझी मागणी छोटी आहे: प्रत्येक उपविभागातल्या शे-दोनशे घरांचा एकत्रित, नाव-गाव नसलेला, तासागणिक वापराचा तक्ता दर महिन्याला खुला करा. आणि मंडळाकडे त्याहून छोटी: भाग २ च्या ४० गुणांच्या पेपरात एकदा तीन गुणांसाठी एक बिल छापा आणि विचारा, या घरातला ७५ वॅटचा पंखा बदलून ३० वॅटचा लावला आणि तो रोज १२ तास चालला, तर महिन्याला किती युनिट वाचतील? उत्तर १६.२.