पेन्सिलच्या रेघेवर एलईडी खरंच पेटतो? असे व्हिडिओ खरे की खोटे, असं ओळखा

कागदावर पेन्सिलने रेघ ओढली, बॅटरी लावली आणि एलईडी पेटला. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. काही जण तर त्याच रेघेवर मोबाईल चार्ज करून दाखवतात. यातलं खरं किती?

रेघेतून वीज जाते का?

हो. पेन्सिलच्या शिशात ग्रॅफाइट असतं आणि त्यातून वीज वाहते. चांदीचे कण असलेली शाई त्याहून कितीतरी चांगली वाहक असते. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात. अशा अनेक कारच्या मागच्या काचेवर बारीक आडव्या रेघा दिसतात. त्या चांदीच्या पेस्टने छापून भाजलेल्या असतात. बटण दाबलं की रेघा तापतात आणि काचेवरची वाफ जाते.

मग खोटं कुठे?

आकडे पाहा. पेन्सिलच्या काही सेंटीमीटर रेघेचा रोध सहज १०,००० ओहम असू शकतो. ९ व्होल्टच्या बॅटरीतले साधारण २ व्होल्ट लाल एलईडी घेतो. उरलेल्या ७ व्होल्टवर करंट मिळतो फक्त ०.७ मिलिअँपिअर. एलईडी मिणमिणतो, एवढंच.

मोबाईलच्या अगदी संथ चार्जिंगलाही ५०० मिलिअँपिअर लागतात. ५ व्होल्टवर या रेघेतून जास्तीत जास्त ०.५ मिलिअँपिअर जाईल, म्हणजे हजारपट कमी.

व्हिडिओत काय तपासाल?

• बॅटरीपासून एलईडीपर्यंत जाणारी आणि परत येणारी, अशा दोन वाटा आहेत का? एकच रेघ असेल तर संशय घ्या.
• रेघ मध्येच खोडल्यावर दिवा विझतो का?
• पेन्सिलची रेघ लांबवल्यावर प्रकाश मंद होतो का?
• कागद उलटून दाखवला आहे का? मागे बटण सेल किंवा तांब्याची पट्टी लपवता येते.
• शाई कोणती? साध्या बॉलपेनच्या रेघेवर दिवा पेटत नाही. चांदीच्या शाईवर मात्र तो लख्ख पेटू शकतो. त्यामुळे नुसत्या प्रकाशावरून निकाल देऊ नका.

घरी करून पाहायचंय?

९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि ६बी पेन्सिल पुरे. रेघा जाड, गडद आणि आखूड काढा. एलईडी पेटला नाही तर त्याचे पाय उलटे लावून पाहा.

पण घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला रेघ किंवा पेन्सिल कधीही जोडू नका. कागद पेट घेऊ शकतो आणि शॉक जीवघेणा ठरू शकतो. मुलं रील पाहून लगेच प्रयोग करतात. म्हणून असा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी त्यात वीज कुठून घेतली आहे, ते आधी बघा.