पहिल्या डावात भावाला मारू नका

'क्रुसेडर किंग्ज' नव्याने खेळायला घेणाऱ्यांना जो सल्ला मिळतो ना, तो वाचून माझं टाळकं सटकतं. आज त्यावरच लिहितो.

ज्या काका-मावश्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मध्ययुगातलं एक घराणं निवडायचं आणि ते पिढ्यानपिढ्या चालवायचं. आपला राजा मेला की आपण त्याचा वारस व्हायचं आणि पुढे खेळायचं, थेट १४५३ सालापर्यंत. वारसच उरला नाही की खेळ खल्लास. पॅरॅडॉक्स या स्वीडिश कंपनीने २०२० साली याची तिसरी आवृत्ती काढली. नकाशात आपला हिंदुस्थानही आहे.

आता तो सल्ला. एक, आयर्लंडपासून सुरुवात करा. दोन, शक्यतो एकच मुलगा होऊ द्या. तीन, जास्त झालेच तर धाकट्यांना मठात पाठवा, वारसाहक्क काढून घ्या, लढाईत पुढे करा, नाहीतर सरळ काटा काढा. चार, काही बिनसलं तर जुना सेव्ह उघडा आणि तो प्रसंग पुन्हा खेळा.

का, तर सुरुवातीच्या कायद्यात बापाची इस्टेट मुलांत वाटली जाते. चाळीस वर्षं घाम गाळून जमवलेलं राज्य एका रात्रीत तीन तुकडे! नवशिक्याला रडू येतं, आणि जाणकार त्याच्या हातात विषाची बाटली ठेवतात.

सल्ला खोटा नाही हो. राज्य वाढतं त्याने. पण मग बुद्धिबळ काय वाईट होतं? या खेळाची सगळी गंमत त्या वाटणीत आहे. ती टाळायला शिकवणं म्हणजे पोहायला आलेल्या पोराला तलाव कसा चुकवावा हे सांगणं.

आयर्लंड कशासाठी, तेही समजतं. कोपऱ्यातलं बेट, शेजारी दुबळे, शिकवणीही तिथलीच. पण आपल्या पोरांना मन्स्टर काय नि लीन्स्टर काय, सारखंच परकं. मी कोलशेतला राहतो. इथून ठाण्याचा बाजार रिक्षाच्या अंतरावर. हेच ठाणे म्हणजे श्रीस्थानक, उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. सुमारे ८०० ते १२६५, साडेचारशे वर्षांहून जास्त टिकलेलं घराणं. आणि टिकलं कसं? राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून. ९७३ मध्ये राष्ट्रकूट बुडाले, तरी अपराजित शिलाहाराने ९९७ च्या भादाणे ताम्रपटात त्या जुन्या धन्यांची वंशावळ दिली आणि त्यांच्या अस्ताबद्दल हळहळही व्यक्त केली. भादाणे म्हणजे आपल्या भिवंडीजवळचं बरं का.

या घराण्याचा वारसाही सरळ रेषेत गेला नाही. अपराजितानंतर वज्जड, मग त्याचा भाऊ अरिकेसरी, मग पुतण्या छित्तराज, मग छित्तराजाचे भाऊ नागार्जुन आणि मुम्मुणी. अंबरनाथच्या देवळातला शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलालेख या मुम्मुणीच्या काळातला. भावाभावांच्या या रांगेतूनच ते देऊळ उभं राहिलं.

अर्थात सगळं गोडीगुलाबीत चाललं नाही. नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव, त्याचा शके १०१६ चा खारेपाटण ताम्रपट आहे. त्यात साफ म्हटलंय की भाऊबंदांच्या वैरात कोकणची धूळधाण झाली होती आणि ती ज्यांनी केली त्यांचा अनंतदेवाने बीमोड केला. हजार वर्षांपूर्वीचा आपल्याच मातीतला राजा भाऊबंदकीची तक्रार तांब्यावर कोरून ठेवतो! हे माहीत असलेलं पोर खेळाला बसलं तर वाटणीचा पडदा समोर आल्यावर ते रडणार नाही. म्हणेल, आलं का हे, चला.

मग नवशिक्याने करावं काय? माझा सल्ला असा.

आपल्या मुलखातला छोटा सरदार घ्या, मोठ्या राजाच्या छत्राखालचा. बाहेरचा शत्रू आला तर धनी उभा राहतो, तोवर खेळ शिकून होतो.

धाकट्यांना हयातीतच थोडी जमीन द्या. हाती दिलेलं त्यांच्या वाट्यात धरलं जातं, म्हणजे कुठला तुकडा जाणार हे नशीब नाही, तुम्ही ठरवता. राजधानी थोरल्याकडेच राहते.

लेकींची लग्नं विचार करून जमवा. सोयरिकीतून मित्रराज्यं मिळतात, आणि नव्या राजाविरुद्ध सरदार कट करू लागले की सैन्य घेऊन धावून येणारा व्याहीच असतो.

राजाच्या स्वभावाला धरून वागा. दयाळू माणसाकडून खून करवलात तर त्याच्या मनावर ताण चढतो. खेळ लिहिणाऱ्यांनाही हे सुचलं, सल्ला देणाऱ्यांना नाही.

आणि जुना सेव्ह उघडू नका. राज्य फुटलं तर फुटू दे. चार गावांच्या धन्यातून पुन्हा उभं राहण्यात जी मजा आहे ती अर्धा नकाशा रंगवण्यात नाही.

कुणी म्हणेल, खेळच तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? लावून घ्यायचं कारण आहे. आमच्या या भागात शेतांच्या जागी टॉवर आले. गावठाणातल्या कित्येक घरांत सातबारावरच्या नावांवरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. आमच्याही गोतावळ्यात आहेत, नाव घेत नाही, वाचणाऱ्यांना कळेल. :) 'वाटेकरी म्हणजे अडचण' हे तिथे कुणाला संगणकाने शिकवलेलं नाही, ते आपण मोठ्यांनीच केलं. मग निदान खेळात तरी पोरांना दुसरी रीत करून बघू द्या की! सगळ्यांना थोडं थोडं देऊनही घराणं चालतं का, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आता जाणकार खेळाडू मला झोडपायला येतीलच. या. पण आधी एक डाव कुणालाही विष न घालता पूर्ण करा, मग वाद घालू.