अब्बांच्या कॅसेटी आणि संगणकातला पोटभाडेकरू

अम्मीच्या लोखंडी पेटीत, कागदपत्रांच्या पिशवीखाली, अकरा कॅसेटी होत्या. अब्बा १९८३ ते १९८९ दम्मामला कामाला होते. म्हसवडच्या आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता आणि अम्मीला वाचता येत नव्हते. म्हणून अब्बा पत्राऐवजी टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलत आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट धाडत. आखातात माणूस गेलेल्या कितीतरी घरांत ही चाल होती. वाचकांपैकीही काहींच्या पेटीत अशा कॅसेटी असतील. पाऊस झाला का, राजेवाडीचा तलाव भरला का, शेळी व्याली का, थोरलीला शाळेत घातली का, असे प्रश्न. मध्येच पंख्याची घरघर, मध्येच नुसते गप्प बसणे. अब्बांच्या इंतकालाला आता चौदा वर्षे झाली.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून आपाचा मुलगा सुट्टीला आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने जुन्या डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडली आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट प्रोग्रामवर एकेक कॅसेट उतरवून घेतली. कॅसेट लावण्याआधी ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळायची, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. एवढे करूनही चौथ्या कॅसेटची दुसरी बाजू उतरवून झाल्यावर डेकने फीत चावलीच. तासाभराच्या आवाजाची एमपी-३ फाईल साधारण ५८ एमबी होते, म्हणजे अकरा कॅसेटी एका जुन्या पेनड्राइव्हवरसुद्धा मावतात. तशा त्या ठेवल्या असत्या तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण अम्मीला आवाज हवा होता तो स्वयंपाकघरात, मोबाईलवर, वाटेल तेव्हा. आपाला तिच्या लग्नाची व्हिडिओ टीव्हीवर हवी होती. म्हणून घरातच सर्व्हर करायचे ठरले. सर्व्हर म्हणजे घाबरण्यासारखे काही नाही. घरच्या एका संगणकात सगळे साठवायचे आणि घरातल्या वायफायवरून बाकीच्यांनी ते ऐकायचे-पाहायचे. इंटरनेट गेले तरी घरातल्या घरात चालते, राऊटरला वीज असली म्हणजे झाले. गावाकडच्या नेटवर्कची गत ज्यांना ठाऊक आहे त्यांना याची किंमत सांगायला नको. यासाठी जेलीफिन हा फुकट प्रोग्राम आहे. एम्बी नावाच्या प्रोग्रामने आपला कोड सर्वांसाठी बंद केला तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, काही जणांनी त्याच्या उघड्या कोडातून हा वेगळा काढला.

जेलीफिन विंडोजवर थेट बसतो. आमचे विचाराल तर बहुतेकांनी तसाच बसवावा. पण भाच्याला लिनक्स शिकायचे होते, म्हणून त्याने विंडोजच्या पोटातल्या लिनक्समध्ये, ज्याला डब्ल्यूएसएल म्हणतात त्यात, तो बसवला. वाड्यात पोटभाडेकरू ठेवावा तसा हा प्रकार. वाडा विंडोजचा, आतल्या एका खोलीत लिनक्सचा वेगळा संसार.

पहिली अडचण दाराची आली. त्या संगणकावर जेलीफिन छान दिसे, पण अम्मीच्या मोबाईलवर काही केल्या येईना. कारण पोटभाडेकरूचा पत्ता वेगळा असतो, आणि तो फक्त वाड्याच्या आतल्यांना ठाऊक. बाहेरून मोबाईल ८०९६ क्रमांकाच्या दारावर थाप मारतो आणि विंडोज ती आत पोचवत नाही. विंडोज १० वर ही वाट हाताने जोडून द्यावी लागते, आणि संगणक बंद-चालू झाला की आतला पत्ता बदलत असल्याने पुन्हा जोडावी लागते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून ‘मिरर्ड’ अशी एक सोय आहे. ती लावली की भाडेकरूला वाड्याचाच पत्ता मिळतो. फायरवॉलमध्ये त्या दाराला परवानगी मात्र वेगळी द्यावी लागते. भाच्याची एक अख्खी दुपार यात गेली.

दुसरी अडचण अम्मीने काढली. इशाची नमाज झाली की ती मोबाईल उशाला घेऊन बसे, आणि थोड्या वेळाने हाक येई, “अरे, तुमचे अब्बा चुप हो गये!” लिनक्सची काळी खिडकी कुणीतरी पसारा समजून बंद केलेली असे. ती बंद झाली आणि आत दुसरे कुणी उघडे नसले, की विंडोज थोड्याच वेळात भाडेकरूच्या खोलीचा दिवा मालवते. आत सर्व्हर चालू आहे याची त्याला पर्वा नसते. आम्ही संगणकाच्या पडद्यावर चिठ्ठी चिकटवली: काळी खिडकी बंद करू नये.

आता मुख्य गोष्ट. भाच्याने सगळ्या फाईली त्या खोलीतच, लिनक्सच्या आतच ठेवल्या होत्या. तिथे काम वेगाने होते असे त्याने वाचले होते, आणि ते खरेही आहे. पण आतले सगळे विंडोजला एकाच मोठ्या फाईलसारखे दिसते. दिवाळीच्या सुट्टीत तो पुन्हा आला, तेव्हा ते लिनक्स काही केल्या सुरू होईना. त्याने ‘अनरजिस्टर’ हा हुकूम दिला. नाव नुसते नोंद काढल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो खोली सामानासकट पाडतो, रिसायकल बिनमध्येही काही सापडत नाही, आणि “खात्री आहे ना?” असेही तो विचारत नाही. पोरगा ओसरीवर येऊन उभा राहिला. तोंडावर रंग नव्हता. म्हणाला, “मामू, सब गया.”

आम्ही त्याच्यावर ओरडलो. नंतर वाईट वाटले, कारण दुसरी प्रत ठेव असे सांगणे आमचे काम होते आणि आम्ही ते केले नव्हते. दहा कॅसेटी पेटीत शाबूत होत्या, त्या पुन्हा उतरवल्या. चौथीची पहिली बाजू आपाने कधीतरी मोबाईलवर मागवून घेतली होती, ती तिच्याकडून मिळाली. दुसरी बाजू गेली ती गेलीच. चावलेली फीत सुरकुतून दोन ठिकाणी तुटली होती. आम्ही जोडून पाहिली. खरखरीपलीकडे काही ऐकू येईना.

आता मांडणी अशी केली आहे. आवाज आणि व्हिडिओ विंडोजच्या डी ड्राइव्हवर राहतात. खोलीत फक्त जेलीफिन आणि त्याची वही, म्हणजे कुठे काय ठेवले आहे याची नोंद. लिनक्सला डी ड्राइव्ह आतून दिसतो. वेग थोडा कमी, पण गाणे-भाषण-लग्नाला पुरतो. एक खोट आहे: नवी फाईल टाकली की जेलीफिनला ती आपोआप कळत नाही, स्कॅनचे बटण दाबावे लागते. खोली उद्या पडली तरी नवी बांधू, सामान बाहेर आहे. शिवाय एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर, तिची वायर काढून कपाटात, आणि एक आपाकडे सांगलीला. डब्ल्यूएसएल मुळात संगणकाची निम्मी रॅमसुद्धा घेऊ शकतो. आमच्या ८ जीबीच्या संगणकावर भाच्याने त्याला २ ची हद्द घालून दिली, तेव्हापासून धाकटीचे शाळेचे काम अडत नाही. सर्व्हर घराबाहेरून दिसेल असे मात्र आम्ही काही केलेले नाही.

चौथ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला काय होते ते अम्मीला पाठ आहे. एका रविवारी भाच्याने तिच्यासमोर मोबाईल ठेवला आणि ती बावीस मिनिटे बोलली: अब्बांनी नव्या खोलीचे भाडे सांगितले, ऊन सांगितले, मग थोरलीसाठी घेतलेल्या चपलेचे माप विचारले. ती फाईल आता चौथीच्या जागी ठेवली आहे. अम्मीने ऐकली आणि म्हणाली, पुन्हा घे, भाडे चुकीचे सांगितले.