वयाची सबब

चाळिशी उलटली कीं खेळ मुलांचा, गाणें गवयांचें आणि मित्र लग्नकार्यापुरते, अशी वांटणी आमच्या सुशिक्षित मंडळींत रूढ झाली आहे. तिला ते पोक्तपणा म्हणतात. आम्ही आळस म्हणतों. निदान जालना जिल्ह्यांत तरी ही सबब चालूं नये. येथल्याच जांब गांवीं १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं मारुतीची बलोपासना आणि कीर्तन एकाच संप्रदायांत नांदविलीं. दंड काढणारानें टाळ धरूं नये, असा भेद केला नाहीं. जालन्याच्या विजय झोल यानें २०११ सालीं कूचबिहार करंडकांत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या, याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु तो आंकडा घोकणारे किती गृहस्थ सायंकाळीं जुन्या सोबत्यासह मोती तलावापर्यंत चालत जातात? खेळ सुटला, गाणें सुटलें, कीं भेटण्याचें निमित्तच सरतें आणि स्नेह विवाहपत्रिकेवरील नांवापुरता उरतो. ‘पुढच्या सुटींत निवांत बसूं’ म्हणून ज्यांस टाळतां, ते पुढच्या सुटीस असतीलच, असा हवाला तुम्हांस कोणीं दिला? गुडघे दुखतात, गळा बसला, असें कांहीं जण म्हणतील. गुडघे आमचेही दुखतात! कॅरमला गुडघे लागत नाहींत, आणि भजनांत ध्रुपद धरण्यास गवयाचा गळाही लागत नाहीं.